बांधाची लांबी आणि कलम ४९९

आमच्या एका बातमीवरून, तिच्यातल्या बांधाच्या कंत्राटदाराची वकिली नोटीस रजिस्टर एडीनं आली. पंधरा दिवसांच्या आत, पहिल्या पानावर, बातमीला दिली होती तेवढीच जागा देऊन बिनशर्त माफी छापा. अब्रूनुकसानीपोटी पन्नास लाख रुपये द्या. नाहीतर दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही कारवाई करू, होणाऱ्या खर्चाला तुम्ही जबाबदार. माझं साप्ताहिक आठ पानांचं. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्यामागे मी चालवते. टेंडर नोटिसा, वाढदिवसाच्या जाहिराती आणि थोडी वर्गणी यांवर त्याचा गाडा चालतो. पन्नास लाखांचा आकडा वाचल्यावर त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

बातमी २०१९ च्या उन्हाळ्यातली होती. तालुक्यातल्या एका ओढ्यावर सिमेंट नाला बांध झाला होता. मोजमाप पुस्तकात, म्हणजे सगळे ज्याला एमबी म्हणतात त्यात, बांधाची लांबी ३२ मीटर. आमच्या वार्ताहरानं गावातल्या चौघांसमक्ष टेप लावला तर ती भरली २१ मीटर. बिल मात्र पुऱ्या ३२ मीटरचं निघालं होतं. हा वार्ताहर एरवी झेरॉक्सचं दुकान चालवतो. बातमीच्या मागे लागला की दुकान भावावर टाकून जातो. त्यानंच दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज केला. तीस दिवस उलटले तरी उत्तर नाही. मग प्रथम अपील, त्याची सुनावणी, आणि त्यानंतर कुठे अंदाजपत्रक, एमबीची पानं आणि देयकाची प्रत सही-शिक्क्यानिशी हातात आली.

बातमीत आम्ही दोन्ही लांब्या दिल्या, बिलाची रक्कम दिली, मोजणी कुठल्या तारखेला कुणासमक्ष झाली ते दिलं. कुणी किती पैसे खाल्ले हे लिहिलं नाही, कारण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. छापण्याआधी कंत्राटदाराला रजिस्टर पोस्टानं लेखी प्रश्न पाठवले होते. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. बातमीच्या शेवटी तेही नमूद केलं. वडिलांच्या काळापासूनची ही पद्धत आहे, आणि पुढच्या चार वर्षांत त्या पोचपावतीनं मला जेवढं सांभाळलं तेवढं राज्यघटनेच्या कलमांनीही सांभाळलं नसेल.

आमच्या वकीलसाहेबांनी नोटीस शांतपणे वाचली. म्हणाले, "ताई, पन्नास लाखांचं मनावर घेऊ नका. दिवाणी दाव्यात जेवढी रक्कम मागाल त्या मानानं कोर्ट फी भरावी लागते, आणि दावा वर्षभरात लावावा लागतो. हे फौजदारीत जाणार. तिथे फीचा बोजा नाही, आणि भर कोर्टात तुमच्या नावाचा पुकारा आरोपी म्हणून होतो. त्यांना तेच हवंय."

दिवाणी दावा हलका समजावा असं मात्र मुळीच नाही. प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं छायाचित्र २००८ मध्ये एका इंग्रजी वृत्तवाहिनीवर दुसऱ्याच न्यायाधीशांच्या बातमीत चुकून काही सेकंद दिसलं होतं. त्यांनी पुण्याच्या न्यायालयात दावा लावला आणि २०११ मध्ये त्या न्यायालयानं वाहिनीला १०० कोटी रुपये द्यायला सांगितलं. चुकीच्या छायाचित्रानं माणसाचं नाव खराब होतं हे खरंच आहे, त्याची भरपाई मागायचा त्याला हक्कही आहे. पण वाहिनी अपिलात जाऊ शकते, वरच्या कोर्टात रकमा भरू शकते. आमच्यासारख्या साप्ताहिकाविरुद्ध असा हुकूमनामा झाला तर त्या दिवशीच कुलूप लागेल.

त्याच बैठकीत वकीलसाहेबांनी मला कायद्याची पहिली शिकवणी दिली. घटनेच्या १९(१)(क) मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. वृत्तपत्रांचा त्यात वेगळा उल्लेख नाही. घटना समितीत तशी मागणी झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांचं म्हणणं असं होतं की संपादक हाही नागरिकच, नागरिकाला जो हक्क आहे तोच त्याला. म्हणजे माझ्या हातात छापखान्याची आणि आरएनआयची, म्हणजे वृत्तपत्र नोंदणीची, कागदपत्रं आहेत म्हणून मला एका चहावाल्यापेक्षा जास्त बोलायचा हक्क मिळत नाही. मला हे तेव्हाही पटलं, आजही पटतं. पुढे १९(२) मध्ये या स्वातंत्र्यावर कशासाठी मर्यादा घालता येतात ते दिलंय: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी, आणि अब्रूनुकसानी. यातली सार्वजनिक सुव्यवस्था १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आली. त्याआधीच्या वर्षी मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकावर मद्रास सरकारनं घातलेली प्रवेशबंदी सर्वोच्च न्यायालयानं उठवली होती. अब्रूनुकसानी मात्र पहिल्या दिवसापासून त्या यादीत आहे.

"आणि गुन्हा म्हणूनही आहे," वकीलसाहेब म्हणाले. भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ व्याख्या सांगतं, ५०० शिक्षा सांगतं: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. अब्रूनुकसानी हा गुन्हाच असू नये म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या निकालात न्यायालयानं कलम कायम ठेवलं. प्रतिष्ठा हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलं. त्यामुळे कलमच रद्द होईल ही आशा नव्हती. आशा होती ती ४९९ च्या दहा अपवादांत.

पहिला अपवाद वाचला आणि मला वाटलं, झालं, सुटलो. मजकूर खरा असेल तर अब्रूनुकसानी नाही. वकीलसाहेबांनी पुढचं वाक्य वाचायला लावलं. मजकूर खरा असणं पुरत नाही. तो छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. आणि हे दोन्ही दाखवण्याचा भार आरोपीवर, कारण पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे अपवाद ज्याला हवा त्यानं तो सिद्ध करायचा. दिलासा एवढाच, की फिर्यादीला जसं संशयाच्या पलीकडे सिद्ध करावं लागतं तसं आरोपीला लागत नाही. आपलं म्हणणं अधिक संभवनीय आहे एवढं दाखवलं तरी चालतं. दुसरा अपवाद लोकसेवकांबद्दलचा, तो कंत्राटदाराला लागू नव्हता. तिसरा, सार्वजनिक प्रश्नाशी निगडित अशा कुणाच्याही वर्तनाबद्दल सद्भावनेनं दिलेलं मत. नववा, लोकहितासाठी सद्भावनेनं केलेलं विधान. यातल्या सद्भावनेचा संबंध मनातल्या चांगुलपणाशी नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे योग्य ती काळजी घेऊन आणि लक्ष देऊन केलेली गोष्टच सद्भावनेनं केलेली. म्हणून कोर्ट विचारतं, छापण्याआधी तुम्ही काय केलंत? म्हणूनच पोचपावती महत्त्वाची.

आम्ही नोटिशीला सविस्तर उत्तर दिलं, माफी मागितली नाही. मग बरेच महिने काहीच झालं नाही. निदान आम्हाला तसं वाटत होतं. प्रत्यक्षात फिर्यादी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहून शपथेवर जबाब देऊन आला होता, आणि आमच्याविरुद्ध प्रोसेस इश्यू झाली होती, म्हणजे समन्स काढायचा आदेश झाला होता. त्या टप्प्यावर आरोपीला कुणी बोलावत नसे. एक दिवस पोलीस ठाण्यातला हवालदार समन्स घेऊन कार्यालयात आला. आरोपी क्रमांक एक मी, संपादक आणि प्रकाशक म्हणून. दोन, वार्ताहर. तीन, छापखान्याचे मालक, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते.

प्रत्येक साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर तळाला एक बारीक ओळ असते: हे पत्र अमक्यानं अमक्या ठिकाणी छापून तमक्या ठिकाणी प्रसिद्ध केलं. तिच्याच शेजारी बरेच जण छापतात, प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही. आम्हीही छापत होतो. ही दुसरी ओळ कोर्टात एका पैशाच्या कामाची नाही. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याच्या कलम ७ नं ज्याचं नाव संपादक म्हणून छापलंय त्यालाच जबाबदार धरायची वाट करून दिली होती, आणि छापणाऱ्यासाठी दंड संहितेत वेगळं कलम ५०१ होतं. काकांनी ती बातमी वाचलीही नव्हती. त्यांना प्लेटा मिळाल्या, त्यांनी छापल्या.

पहिल्या तारखेला जातमुचलका लिहून दिला. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे अटकेची भीती नव्हती. तरी पिंजऱ्यात उभं राहून "गुन्हा कबूल आहे का?" या प्रश्नाला "नाही" म्हणताना माझा आवाज कापला. बाहेर व्हरांड्यात वार्ताहराचे म्हातारे वडील बसले होते. पोराला चोरीत धरलंय का, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

त्या काळात मी आगरकर आणि टिळकांच्या खटल्याबद्दल जिथे मिळेल तिथे वाचलं. टिळकांवरचे राजद्रोहाचे खटले सगळ्यांना माहीत असतात. पहिला तुरुंगवास मात्र अब्रूनुकसानीच्या खटल्यात झाला होता. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय अशी बातमी 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दिली, दिवाण बर्वे यांनी फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं होतं ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. खटल्याच्या वेळी जोतीराव फुल्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना जामीनदार म्हणून उभं केलं होतं, मतभेद असूनही. मला यातून धीर आला तसा धाकही बसला. हेतू कितीही निर्मळ असला तरी कागद खोटा निघाला की संपादक बुडतो. आमचा कागद खरा आहे ना, हे मी वार्ताहराला इतक्यांदा विचारलं की तो शेवटी चिडला.

मग कोविड आला, कोर्टं बंद पडली, पुन्हा सुरू झाली तेव्हा दंडाधिकारी बदलले होते. तारखा पडत राहिल्या. कधी फिर्यादी गैरहजर, कधी त्यांचे वकील, कधी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, संपायच्या आत वेळ संपायची. प्रत्येक वेळी हजेरी माफीचा अर्ज द्यायचा किंवा जायचं. साप्ताहिकाचा अंक बुधवारी रात्री लागतो. तारीख गुरुवारची असली की झोप न होताच कोर्ट गाठायचं. टेंडर नोटिसा या काळात जवळजवळ आटल्या. कुणी लेखी काही सांगितलं नाही. विचारलं की "वरून यादी येते" एवढंच उत्तर.

मध्यस्थही येत राहिले. लोकअदालतीत दिलगिरीचे दोन शब्द लिहून द्या, विषय संपवा. काकांनी लिहून दिले. त्यांचं वय, त्यांचं मधुमेहाचं दुखणं, छापखान्यावरचं कर्ज, हे सगळं मला माहीत होतं. त्यांच्यापुरती फिर्याद मागे घेतली गेली. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाळ, मला माफ कर." त्यांना माफी मागावी लागली याचा राग मला आजही आहे, तो त्यांच्यावरचा नाही.

साक्षीपुरावा सुरू झाला तसं प्रकरणाचं खरं रूप दिसू लागलं. फिर्यादीनं एक साक्षीदार आणला, बातमी वाचून आपल्या मनातला त्यांच्याबद्दलचा आदर कमी झाला असं सांगायला. हे लागतंच, दुसऱ्यांच्या नजरेत मान उतरला हे दाखवल्याशिवाय कलम ४९९ पुरं होत नाही. उलटतपासणीत वकीलसाहेबांनी विचारलं, बातमीनंतरही तुम्ही यांच्याबरोबर भागीदारीत काम घेतलंत का? साक्षीदार हो म्हणाला. फिर्यादीच्या उलटतपासणीत पोचपावती दाखवली. सही आपलीच असं त्यांनी कबूल केलं. प्रश्नांना उत्तर का दिलं नाही, यावर "गरज वाटली नाही." बांध कधी मोजून दाखवायची तयारी दाखवली का? "नाही."

आमच्याकडे वार्ताहराच्या मोबाइलवरचे फोटो होते, टेप लावलेला स्पष्ट दिसणारे. त्यावर समोरून हरकत आली: पुरावा कायद्याच्या ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र, म्हणजे फोटो कुठल्या उपकरणातून कसे आले याचं, कुठे आहे? जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलंय. सुदैवानं तोच मोबाइल वार्ताहराकडे होता, त्यानं रीतसर प्रमाणपत्र दिलं. छोट्या वार्ताहरांना मी आता कळकळीनं सांगते: बातमी गाजली म्हणून फोन विकू नका, बदलू नका, आणि फोटो कुणाकडून फॉरवर्ड होऊन आला असेल तर मूळ ज्याच्या फोनमध्ये आहे त्याला धरून ठेवा.

बचावासाठी मी स्वतः साक्ष द्यायची ठरवली. आरोपीला साक्षीदार व्हायला कुणी भाग पाडू शकत नाही; त्यानं लेखी विनंती केली तरच होता येतं. एकदा शपथ घेतली की उलटतपासणीही सोसावी लागते. तिथे अपेक्षित प्रश्न आला. "माहिती अधिकारात अर्ज करण्याआधीच तुम्हाला एमबीतला आकडा माहीत होता. तो कुणी सांगितला?"

ज्यानं सांगितलं होतं तो त्या खात्यात नोकरीला होता आणि आहे. त्याच्या घरात मिळवता तो एकटा. आपल्याकडे पत्रकाराला बातमीचा स्रोत लपवण्याचा कायदेशीर हक्क नाही. प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) मध्ये स्रोत सांगायची सक्ती करता येणार नाही असं आहे खरं, पण ते कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. कोर्टानं ठरवलं तर विचारता येतं, आणि नाही सांगितलं तर परिणाम भोगावे लागतात. मी एवढंच म्हणाले, "ते नाव मी सांगणार नाही. बातमी मी साक्षांकित कागदांवर दिली, ते कागद पुराव्यात निशाणीला लागले आहेत." वकीलसाहेबांनी हरकत घेतली की मूळ दस्त समोर असताना या नावाची गरज काय. दंडाधिकारी महोदयांनी काही क्षण कागद चाळले आणि प्रश्न अनावश्यक म्हणून नाकारला. त्यांनी नाकारला नसता तरीही मी नाव सांगितलं नसतं. हे मी साक्षीच्या आदल्या रात्री घरच्यांना सांगून ठेवलं होतं.

शेवटी खात्याचा अभियंता मूळ मोजमाप पुस्तक घेऊन साक्षीला आला. नोंदीच्या दिवशी आपण जागेवर नव्हतो, हाताखालच्यानं दिलेल्या मापांवर सही केली, असं त्यानं शपथेवर सांगितलं.

आपल्याच खटल्याची बातमी द्यावी का, यावर आमच्यात वाद झाला. वार्ताहराचं म्हणणं, वाचकांना कळायला हवं. मला न्यायालयाच्या अवमानाची धास्ती होती. पण १९७१ च्या अवमान कायद्याचं कलम ४ च सांगतं की न्यायालयीन कामकाजाचा न्याय्य आणि अचूक वृत्तांत हा अवमान नव्हे. ४९९ चा चौथा अपवादही तसाच आहे. मग प्रत्येक साक्षीचा वृत्तांत आम्ही दिला, फिर्यादीची बाजूही तेवढ्याच जागेत, आमचं मत एका ओळीनंही न घालता.

२०२३ मध्ये निकाल लागला. मी आणि वार्ताहर निर्दोष. मजकूर सरकारी कागदांवर आधारलेला आहे, सार्वजनिक पैशाच्या कामाबद्दलचा आहे, आणि छापण्याआधी दुसऱ्या बाजूला विचारणा झाली होती, म्हणून पहिल्या आणि नवव्या अपवादाचा लाभ. या निकालाविरुद्ध अपील करायला फिर्यादीला उच्च न्यायालयाची खास परवानगी लागत होती; त्यांनी ती मागितली नाही. चार वर्षांची वकील फी, बुडालेल्या जाहिराती, काकांची माफी, यातलं काहीही परत मिळण्याची तरतूद मला सापडली नाही.

अब्रूचं संरक्षण कायद्यानं करू नये असं मी म्हणणार नाही. खोट्या बातमीनं गावात एखाद्या घराचं जगणं अवघड झालेलं मी पाहिलंय, आणि तसं करणारे आमच्याच धंद्यातले असतात. पण त्यासाठी दिवाणी दावा आहे, खुलासा आहे, प्रेस कौन्सिलकडे तक्रार आहे. बातमी लिहिली म्हणून माणसाला पिंजऱ्यात उभं करायची आणि कैदेची टांगती भीती दाखवायची गरज मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, तो चांगलाच आहे. कुणी कार्यालय फोडलं तर त्याचा उपयोग होईल. समन्स आलं तर होत नाही.

१ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले. अब्रूनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. गुन्हा कायमच आहे, शिक्षेत समाजसेवेचा पर्याय वाढलाय. एक बदल मात्र खरोखर कामाचा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आमच्या वेळी ही संधी असती, तर एमबीची पानं आणि पोचपावती पहिल्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवता आली असती. ज्यांना आता नोटीस येईल त्यांनी ही तारीख चुकवू नये. कागद घेऊन जावं.

अशा गुन्ह्याची फिर्याद तीन वर्षांपर्यंत करता येते, म्हणून कार्यालयात प्रत्येक मोठ्या बातमीची फाइल आता तेवढा काळ जपून ठेवतो: अर्ज, पावत्या, वार्ताहराची मूळ वही, पाठवलेली पत्रं. त्या बांधाची फेरमोजणी खात्यानं अजून केलेली नाही. दर पावसाळ्याआधी आम्ही तो प्रश्न पहिल्या पानावर विचारतो. गेल्या महिन्यात घरकुल यादीतल्या नावांची बातमी होती. ग्रामसेवकांना आधी पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आठवड्यात आलं, ते बातमीशेजारी पूर्ण छापलं, आणि वार्ताहर पुढच्या गावाची यादी आणायला गेला.